आतून कडी

(भूकंपाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. गावाबाहेरचं मोकळं मैदान. चुन्यानं आखलेले चौकोन, एकेका घराला एकेक. नऊ नंबरच्या चौकोनात सुतार आणि त्याची सून.)

सून : नाही हो बाबा, नाही हसत. झालं. हे बघा, तोंड मिटलं.

सुतार : खांदे हलतायत तुझे.

सून : खांदे भूकंपानं हलतायत.

सुतार : कालपासून धक्के बसले चौदा, आणि तुला हसायचे झटके आले चाळीस. लोक बघतायत, सूनबाई. वरच्या वस्तीत नऊ माणसं गेली.

सून : माहीत आहे मला. म्हणून तर! हसणं थांबलं की रडू येतं, मी रडले की ठमी रडते. मग तिला गप्प करायला मी परत तेच सांगते, की आजोबा आजोबांनाच उकरत होते. की ती लगेच खुदकन हसते. आता मी काय करू, सांगा.

सुतार : एवढं काही नव्हतं ते.

सून : एवढं नव्हतं? अहो, हातात फावडं घेऊन तुम्ही तुम्हालाच शोधत होतात! अख्ख्या गावानं पाहिलंय.

सुतार : मलाच शोधतायत हे मला काय ठाऊक? कुणी नाव घेतलं का? सगळे आपले कोकलतायत, "आत माणूस आहे, आत माणूस आहे, कडी आतून आहे!" मला वाटलं, ठमी. लपाछपी खेळायला गेली असेल माझ्या कामाच्या खोलीत, आणि घेतली असेल कडी लावून. पायाखालची जमीन दुसऱ्यांदा गेली माझ्या. दिसलं ते फावडं उचललं.

सून : ठमी माझ्या कडेवर होती. इथंच, ह्याच चौकोनात.

सुतार : चष्मा नव्हता मला. तुझ्या कडेवर पोर आहे की गाठोडं, मला कुठून दिसणार? आणि कानात नुसती शिटी वाजत होती.

सून : मग तुम्ही तरी आम्हाला कुठून ओळखू येणार? डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक. भुवयासुद्धा पांढऱ्या! मास्तरीणबाई भोंग्यावर ओरडल्या, "घर नंबर नऊ, चारपैकी किती?" हे म्हणाले, "तीन! बाबा नाहीत! बाबा कामाच्या खोलीत झोपलेत!" आणि सुटले. मागोमाग वीस माणसं. मी बघते तर त्यात एक पांढरा म्हातारा. मी शेजारणीला म्हटलं, "कोण गं हे, बिचारे किती मनापासून उपसतायत."

सुतार : बिचारे म्हणालीस?

सून : पाणी घेऊन निघाले होते तुमच्यासाठी. बरं, आता ते सांगा. ते ह्यांचं आणि तुमचं बोलणं.

सुतार : सकाळपासून तीनदा सांगितलंय.

सून : शेवटचं. शप्पथ.

सुतार : मी म्हटलं, "आत कोण आहे रे?" हा वाकून दगड फेकतोय, वर बघतोय कुठला. म्हणतो, "बाबा!" मी म्हटलं, "काय रे?" तर म्हणतो, "बाबा आहेत आत!" मी म्हटलं, "अरे, मी इथं आहे." तर माझ्यावरच खेकसतो, "आजोबा, बाजूला व्हा, मध्ये बोलू नका, माझे वडील आहेत आत!"

सून : आजोबा!

सुतार : हस, हस. पण खरं सांगू? एक क्षण मीही गडबडलो. तो इतक्या खात्रीनं सांगत होता, की मला वाटलं, आहे की काय मी आत.

सून : म्हणून परत उपसायला लागलात!

सुतार : हात थांबेनात. तो एवढा रडत होता, मी नुसता उभा कसा राहणार?

सून : तुम्ही शिंकला नसतात तर संध्याकाळपर्यंत चाललं असतं. सात शिंका लागोपाठ ह्या गावात एकालाच येतात. पाचव्या शिंकेला ह्यांनी मान वर केली.

सुतार : सहाव्या.

सून : पाचव्या. सहाव्याला दगड हातातून पडला, आणि सातवी येईपर्यंत तुम्ही ह्यांच्या मिठीत होतात. मिठीतच शिंकलात तुम्ही. तेव्हा गाव जे हसायला लागलं! घरं पडलेली, विहीर बुजलेली, शाळेचं छप्पर मैदानात येऊन पडलेलं, आणि सगळी माणसं पोट धरून लोळतायत. मास्तरीणबाई भोंग्यावर हसत होत्या, त्यांना बंद करायचा आठवला नाही. थांबा. धक्का आला.

सुतार : हं.

सून : उठू?

सुतार : कपबशीचा आहे. बस.

सून : गेला. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी शिकवलं होतंत तुम्ही. कपबशी वाजली तर बसून राहा, कपाट हललं तर ऊठ, भिंत हलली तर धाव. माझी आई म्हणाली होती, सासरे मुलीला असलं काही शिकवतात होय?

सुतार : शिकवलं म्हणून काल ठमीला उचलून वेळेत बाहेर पडलीस ना? आणि घरही उभं राहिलं. कललंय, पण उभं आहे. चारी भिंतींत लाकडाचे पट्टे आहेत माझ्या. गवंडी हसला होता तेव्हा मला.

सून : घर उभं राहिलं आणि सुताराची स्वतःची खोली तेवढी भुईसपाट, नुसतं दार चौकटीत उभं. दिव्याखाली अंधार.

सुतार : त्या खोलीचं काम राहिलं ते राहिलंच. आज करू, उद्या करू.

सून : बाबा, हे हसले नाहीत.

सुतार : कधी?

सून : काल. सगळं गाव हसत होतं तेव्हा. तुम्हाला मिठी मारून विचारलं, "होतात कुठे?" आणि तुम्ही म्हणालात, "नर्सबाईंना वाचवायला धावलो होतो." बघितलंत ना, तेव्हा ह्यांनी हात काढून घेतले ते? तेव्हापासून तुमच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

सुतार : दमला असेल.

सून : दमलेला माणूस झोपतो. हे रात्रभर आकाशाकडे बघत होते.

सुतार : अगं, त्यात रागवायचं काय? गावाला एकच नर्स. उद्या हातपाय मोडले, डोकी फुटली, तर बघणार कोण? जबाबदारी असते माणसाची. चाळीस जणांना पट्ट्या बांधल्यात तिनं कालपासून. मी धावलो नसतो तर...

सून : तुमच्या खोलीतून नर्सबाईंकडे जायचं, तर वाटेत काय लागतं?

सुतार : काय लागतं?

सून : आमचं दार लागतं, बाबा. आत मी होते, ठमी होती. हे मागं चूल पेटवत होते. भिंती हलत असताना तुम्ही आमच्या दारावरून पुढं धावत गेलात. हे लागलंय ह्यांना.

सुतार : असं... असं नाही ते.

सून : मग कसं आहे? आज तंबू वाटतायत. मास्तरीणबाईंना बारापर्यंत चिठ्ठ्या हव्यात, कुठल्या घरात माणसं किती. मी ह्यांना विचारलं, नऊ नंबरला चार लिहू ना? तर म्हणाले, "बाबांना विचार. ते कुठल्या चौकोनातले आहेत ते त्यांनाच माहीत."

सुतार : असं म्हणाला?

सून : असंच.

सुतार : चार लिही. चारच तर आहोत.

सून : लिहिते. पण आधी एक दाखवायचंय. ह्या पिशवीत बघा.

सुतार : काय आहे? ...ह्या कुठे मिळाल्या तुला?

सून : कुणाच्या आहेत?

सुतार : चपला सगळ्या सारख्याच दिसतात.

सून : डाव्या अंगठ्याला तुम्ही स्वतः ठोकलेला खिळा आहे. तुम्ही म्हणालात, चपला खोलीत ढिगाऱ्याखाली गेल्या. कालपासून अनवाणी हिंडताय. मी सकाळी नर्सबाईंबरोबर दवाखान्यातून पट्ट्या आणायला गेले. छत पडलंय, टेबलाचा एक पाय मोडलाय, आणि दारात पायरीखाली ह्या. जोडून ठेवलेल्या. टाचा भिंतीकडे, तुम्ही ठेवता तशा.

सुतार : सवय असते एकेकाला.

सून : बाबा, कुणाला तरी वाचवायला जीव घेऊन धावत आलेला माणूस, वर छत कोसळतंय, आणि तो पायरीवर थांबून चपला काढतो? जोडून ठेवतो? टाचा भिंतीकडे करून?

सुतार : आवाज हळू.

सून : आणि चष्मा कुठाय तेही सांगते. टेबलाखाली, सापशिडीच्या पटावर.

सुतार : फुटला का?

सून : नाही. म्हणजे तुम्ही धावलाच नाहीत.

सुतार : नाही.

सून : आधीपासून तिथं होतात.

सुतार : हळू बोल, पोरी. त्या कुंभारणीचे कान सशाचे आहेत.

सून : आणि कडी? कडी आतून होती! हे त्या दाराला खांद्यानं धडका देत होते.

सुतार : खिडकी आहे ना मागं.

सून : तुम्ही खिडकीतून जाता? त्रेसष्टाव्या वर्षी? मी दुपारभर ठमीला दटावते, "हळू बोल, आजोबा झोपलेत," आम्ही घरात मांजरासारखे चालतो, आणि आजोबा खिडकीतून पसार?

सुतार : हसू नकोस.

सून : मी मरणार आता. कधीपासून?

सुतार : दोन वर्षं झाली असतील. आधी खरंच रक्तदाब तपासायला गेलो होतो.

सून : आणि तो वाढला?

सुतार : तुझ्या जिभेला हाड नाही. काही नसतं गं. चहा पितो, सापशिडी खेळतो. ती लबाडी करते. नको ते दान पडलं की फासा हातातून निसटला म्हणते आणि परत टाकते. मी बोलत नाही. काल मी सत्त्याण्णववर होतो. सत्त्याण्णववर! दोन पडले असते तर नव्व्याण्णवला मोठा साप. ती म्हणाली, "बघा हं, आता तुम्ही गडगडणार." आणि सगळं गडगडलंच. मला हाताला धरून टेबलाखाली ओढलं तिनं. मी काय वाचवतोय तिला! तिनं मला वाचवलंय.

सून : मग हे खरं का नाही सांगितलंत? असा खोटा शूरपणा कशाला?

सुतार : तिचं काय? एकटी बाई, बदली होऊन आलेली. गाव म्हणेल, सुतार रोज दुपारी जातो. मला त्या घटकेला दुसरं सुचलं नाही. धावलो म्हटलं की तिच्याकडे बोट नाही, आणि मलाही बरं दिसतं.

सून : तिच्याकडे बोट नाही, पण ह्यांच्या काळजात सुरा. ह्यांची दहाच्या दहा बोटं सोलवटलीत, बाबा. दोन नखं निघालीत. सकाळी नर्सबाईंनीच पट्ट्या बांधल्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचं मला सांगायचंय." हे म्हणाले, "राहू दे." मी मध्ये बसून दोघांची तोंडं बघतेय.

सुतार : ती सांगायला निघाली होती? स्वतःहून?

सून : तेवढंच नाही. चिठ्ठ्या मी गोळा करतेय ना. चौदा नंबरचा चौकोन नर्सबाईंचा. त्या चिठ्ठीवर त्यांनी "एक" लिहिलंय. मग खोडून "दोन" लिहिलंय. ते खोडून परत एक. आणि त्याखाली परत दोन.

सुतार : शेवटी काय आहे?

सून : दोन.

सुतार : तू नीट बघितलंस? अक्षर तिचंच होतं? तिच्या सातचा कधीकधी दोन दिसतो.

सून : चौदा नंबरला सात माणसं कशी येतील, बाबा!

सुतार : दोन लिहिलंय तिनं. बस जरा. मला बसू दे. हा धक्का आहे की माझीच छाती?

सून : तुमचीच. कपाटाची दिसतेय. आता ह्यांना सांगा.

सुतार : मी? तू सांग. तू बरी सांगशील, हसत हसत.

सून : मी सांगून उपयोग नाही. ह्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय की तुम्ही आमच्या दारावरून गेला नाहीत.

सुतार : पण ते सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगायला हवं. त्याची आई जाऊन सहाच वर्षं झालीत. त्याच्या तोंडाकडे बघून मला नाही जमणार. त्यापेक्षा एक मोठा धक्का बसू दे आणि माझी सुटका होऊ दे.

सून : असलं अभद्र बोलू नका. आले बघा ते.

सुतार : मी जरा पाणी आणतो.

सून : बसा खाली.

मुलगा : चिठ्ठी दिलीस का? मास्तरीणबाई ओरडतायत.

सून : एक आकडा राहिलाय.

मुलगा : मग घाल ना.

सून : बाबांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मी ठमीकडे बघते. मी ऐकत नाहीये.

मुलगा : ठमी तिकडं झाडाखाली आहे.

सून : इथूनच बघते.

सुतार : हात कसे आहेत?

मुलगा : आहेत.

सुतार : ठणकतायत?

मुलगा : बाबा, सांगायचंय ते सांगा.

सुतार : मी धावलो नाही.

मुलगा : काय?

सुतार : काल. तुझ्या दारावरून मी गेलोच नाही. मी आधीपासून तिथंच होतो. नर्सबाईंकडे.

मुलगा : दुपारी तुम्ही झोपता.

सुतार : दोन वर्षं झाली, दुपारी झोपलो नाही.

मुलगा : कडी आतून होती. मी धडका मारल्यात त्या दाराला.

सुतार : मागच्या खिडकीतून जातो मी.

मुलगा : त्या खिडकीला गज आहेत.

सुतार : मधले दोन निघतात.

सून : सुतार आहेत ते.

मुलगा : तू ऐकत नव्हतीस ना?

सून : नाहीच ऐकत. चालू द्या तुमचं.

सुतार : चहा पितो तिथं. सापशिडी खेळतो. तुला वाटतं तसं... म्हणजे आता जसं आहे तसं आहे. खोटं सांगत नाही, मला जावंसं वाटतं तिथं. काल जमीन हलली तेव्हा मी तिच्या टेबलाखाली होतो. बाहेर आलो तेव्हा डोक्याला खोक, डोळ्यांत चुना. मी तुमच्याकडेच निघालो होतो. ती म्हणाली, "मैदानात चला, सगळे तिथंच येतील, तोच नियम आहे." तिनं आणून बसवलं आणि पट्ट्या बांधायला गेली. मला काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. मग तेवढं कळलं, माझ्या खोलीत कुणीतरी आहे. मला वाटलं, ठमी.

मुलगा : मला वाटलं, तुम्ही ठमीला सोडून गेलात.

सुतार : ठमीला? अरे...

मुलगा : रात्रभर तेच डोक्यात. म्हटलं, माझं एक वेळ जाऊ दे.

सुतार : तुझं का जाऊ दे? तुझं का जाऊ द्यायचं? तू चाळीसचा झालास म्हणून? तुझा आवाज तेवढा कानात शिरला माझ्या. "माझे वडील आहेत आत." बाकी काही ऐकू येत नव्हतं.

मुलगा : तुमच्या झोपायच्या जागेवर तुळई पडलीय. सकाळी जाऊन बघितली मी. उशीवर आहे.

सुतार : बघितली मीही.

मुलगा : तुम्ही झोपला असतात तर...

सुतार : हं.

मुलगा : आधी का नाही सांगितलंत?

सुतार : लाज वाटली. भीती वाटली.

मुलगा : कुणाची?

सुतार : तुझीच. आणखी कुणाची असणार? तुझ्या आईच्या घरातून, तुझ्यासमोरून, केस विंचरून बाहेर पडायचं. तू विचारणार, "बाबा, कुठे निघालात?" त्यापेक्षा खिडकी सोपी वाटली.

मुलगा : पाय मोडला असता म्हणजे?

सुतार : नर्सकडेच तर चाललो होतो.

सून : आता मात्र मला हसू द्या!

मुलगा : हस. मीही... थांब गं, हात दुखतात हसताना. सापशिडी, बाबा? खरंच? कोण जिंकतं?

सुतार : तीच. लबाड आहे.

मुलगा : चिठ्ठी दे इकडं. पेन धरता येत नाही मला, तूच लिही. नऊ नंबर, तीन.

सुतार : अरे, पण तिला एकदा विचारायला हवं.

सून : त्यांनी स्वतःला चारदा विचारून उत्तर लिहिलंय. मी तुम्हाला सांगितलंय.

सुतार : लोक काय म्हणतील?

मुलगा : काल तुम्ही स्वतःला उकरलंत, बाबा. त्याच्यापुढं लोकांना काही म्हणायचं राहिलंय का? जा. सकाळपासून त्या एकट्या राबतायत, तंबूच्या दोऱ्या बांधायलाही माणूस नाही.

सुतार : आत्ता? दिवसाढवळ्या? सगळ्यांसमोरून?

मुलगा : मैदानाला खिडकी नाही.

सून : चपला घाला आधी. आणि कपाळावरचा चुना पुसा हो, अजून तसाच आहे. हं. आता नवरदेव दिसताय.

सुतार : गप्प बैस. जातो मग मी. संध्याकाळी ठमीला गोष्ट सांगायला येईन. तोवर दोऱ्या बांधून होतील. म्हणजे जातो.

मुलगा : बाबा.

सुतार : काय रे?

मुलगा : पोचलात की तिथून हाक मारा.

सुतार : अरे, चाळीस पावलं आहेत. इथून दिसतंय.

मुलगा : असू देत. हाक मारा.